बेलची वायर

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, साहेब," वायरमन म्हणाला. "भिंतीतली नळी एकच आहे. बेलची वायर काढली तरच नेटची केबल आत जाईल."

दुसरी वाट नव्हती. घर नुकतंच रंगवलेलं. भिंत फोडायला मुलगा तयार नव्हता आणि भिंतीवरून नेलेली प्लास्टिकची पट्टी त्याला बघवत नव्हती. मागच्या खोलीत, म्हणजे आईच्या खोलीत, नेट धड पोचत नव्हतं. उद्यापासून तो तिथेच टेबल टाकून ऑफिसचं काम करणार होता. घरात तीच काय ती शांत खोली.

"काढून टाका बेल," तो म्हणाला.

"नको रे," आई म्हणाली. "टेबल टाक, माझं कपाट हलव, काय हवं ते कर. रात्री काही झालं तर मला तेवढाच आधार आहे."

"मोबाईल आहे ना तुझ्याजवळ?"

"आधी चष्मा शोधायचा, मग मोबाईल, मग त्यात तू. तोवर मी गेलेली असेन."

मुलगा हसला. वायरमनही हसला. आई हसली नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती बेल बसवली होती. बटण तिच्या पलंगाशी, बेल हॉलमध्ये, मुलाच्या दाराबाहेर. दारं बंद असली की तिच्या अधू कानांना ती ऐकू यायची नाही, पण मुलाला ऐकू जाते याबद्दल तिला शंका नव्हती. गेल्या थंडीत छातीत कळा आल्या तेव्हा तिने ते बटण उजाडेपर्यंत दाबलं. कुणी आलं नाही. मुलीला फोनवर म्हणाली, "बिचारा दिवसभर राबतो. एकदा झोपला की कानाशी ढोल बडवले तरी जाग नाही." मुलगी चिडली, तर तिलाच चार शब्द सुनावले. भावाबद्दल असं बोलू नये म्हणून. आज नाही तर उद्या, कधीतरी त्याला जाग येईलच, एवढ्यावर ती रोज निजत होती.

वायरमनने मेन स्विच बंद केला आणि हॉलमध्ये स्टुलावर चढून बेलचं झाकण उघडलं. स्क्रू धरायला आई खाली उभी राहिली.

"अरे वा, वायर आधीच सोडवून ठेवलीय," तो खुशीत म्हणाला. "माझं काम वाचलं."

वायरीच्या टोकांना नीट गुंडाळलेली टेप सोलून त्याने स्क्रूंबरोबर तिच्या हातात दिली. निळी टेप. मुलगा बॅडमिंटनच्या रॅकेटच्या मुठीला गुंडाळायचा, ती. घरात दुसरं कुणी तिला हात लावत नसे.

आईने मुलाकडे पाहिलं. मुलाने मोबाईलकडे पाहिलं.

"कधीपासून रे?"

"अगं, चिऊची परीक्षा होती ना, तेव्हा. तू ऊठसूट बेल दाबायचीस. पाणी संपलं, दाब बेल. खिडकी वाजली, दाब बेल. पोरीला झोप नको का? परत जोडणारच होतो. राहून गेलं."

नात परीक्षा देऊन, पास होऊन हॉस्टेलवर गेली त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. सख्ख्या मुलीला आपण उगीच बोललो, हे आईला आधी आठवलं. मग संताप आला. मूठ अशी आवळली गेली की स्क्रू तळव्यात रुतले.

वायरमनने बेलच्या वायरीला नव्या केबलचं टोक बांधलं. "मी इथून सोडतो, खोलीतून कुणीतरी ओढा. हळूहळू."

मुलाला तेवढ्यात फोन आला.

"मी ओढते," आई म्हणाली.

बटणाची पाटी वायरमनने मघाशीच सोडवून ठेवली होती. पलंगावर बसून ती ओढत राहिली. मधे कुठेतरी अडलं, तिने जोर लावला, सुटलं. जुनी वायर मांडीवर साठत गेली आणि तिच्यामागून केबल आली.

"झकास, काकू!" वायरमन आत येत म्हणाला. मुलगाही फोन संपवून दारात येऊन उभा राहिला, टेबल कुठे बसेल ते बघत. वायरमनने केबल टेबल येणार त्या बाजूला घेतली, नेटचा पॉइंट बसवला आणि बटण हातात धरून विचारलं, "हे आता टाकूनच देऊ ना?"

"नको, परत बसवा."

"दाबून काही वाजणार नाही हं, काकू."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "पाहुणे आले की याला दाखवता येईल, आईच्या उशाशी बेल आहे म्हणून."