वाट्याला आलेली बाजू

जान्केनमध्ये, म्हणजे आपल्या दगड-कागद-कात्रीत, ईश्वरी हरली आणि अमेरिकेची बाजू तिच्या वाट्याला आली.

मागच्या भिंतीशी, इतर आयांच्या ओळीत शाळेच्या सपाता घालून उभ्या असलेल्या शमाच्या काळजात धस्स झालं. जपानमधल्या इचिकावाच्या या शाळेत पालकांना अधूनमधून तास बघायला बोलावतात, आणि वादविवादात कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते जान्केनवरच ठरतं, हे तिला ठाऊक होतं. पण आजचा विषय होता आखातातली अमेरिकेची लष्करी कारवाई. आणि शमाचा धाकटा भाऊ नंदू त्याच आखातात, तेलाच्या जहाजावर अडकून पडला होता. परवापासून त्याचा फोनही नव्हता.

फळ्याशी उभ्या सेन्सेईंकडे, म्हणजे वर्गाच्या बाईंकडे, बघत तिने लेकीला बाजूला घेतलं. "सेन्सेईंना सांग ना, मामा तिकडे आहे म्हणून. बदलून देतील."

"आई, असं नसतं. जान्केन झालं की झालं."

समोरच्या बाजूचा मोरी नावाचा मुलगा आधी बोलला. लढाई सुरू करणं सोपं, आवरणं कठीण. तेल महागलं की सरकारं पडतात. अमेरिकेतलं पडेल, आणि त्याच्यामागे मान डोलावणारं आपलंही. पोरगं तयारीचं होतं. शमाने मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

मग ईश्वरी उठली. घरी "जेवतेस का?" विचारलं तर "हं" एवढंच बोलणारी ही मुलगी. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात; शमाला काही हे पाय दिसले नव्हते.

"आपल्या घरातली ऊब त्याच समुद्रातून येते," ती स्वच्छ जपानीत म्हणाली. "ती वाट अडवणाऱ्याला कोणी हटकायचंच नाही? आज अमेरिकेला एकटं पाडलं, तर उद्या आपल्या किनाऱ्यावर काही झालं की तिला कोणत्या तोंडाने हाक मारायची?"

सेन्सेईंचं पेन थांबलं. शमा बघतच राहिली. ही आपली पोर? अभिमानाने ऊर भरून आला आणि त्याच वेळी थोडी भीतीही वाटली. एवढी ताकद हिने इतके दिवस कुठे ठेवली होती?

"आणि त्या समुद्रात अडकलेले खलाशी?" मोरीने विचारलं. "त्यांनी काय केलंय?"

शमाने डोळे मिटले. आता रडणार ही.

"माझा मामा आहे त्यांच्यात," ईश्वरी म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "आम्हाला त्याचा फोन लागत नाही. माझी आई रात्रभर बसून असते. पण नुसतं बसून तो घरी येणार नाही. कोणीतरी वाट मोकळी केली, तरच येईल."

शेजारच्या बाईंनी हळूच डोळे पुसले. शमाला एकाएकी नंदू दिसला, बॅग खांद्याला लावून, दारात, हसत. खरंच येईल. पोर म्हणतेय ते खरंच आहे.

"कारवाई योग्य आहे असं ज्यांना पटलं, त्यांनी हात वर करा," सेन्सेई म्हणाल्या. "पालकांनीसुद्धा."

वर्गभर हात उगवले. मोरीनेही, मान खाली घालून, आपला हात वर केला.

ईश्वरीने वाकून नमस्कार केला, हसून मागे वळली, आणि तिचं हसू जागच्या जागी मावळलं. बाकांमधून वाट काढत ती सरळ आईपुढे येऊन उभी राहिली. शमाचा हात अजून वरच होता.

"आई," ती हलक्या आवाजात, मराठीत म्हणाली, "मी ते जिंकायला बोलले. तुला कसं पटलं?"