दोघांनाच ठाऊक असलेलं टोकन

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पेजवर टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात पुन्हा झळकली, तेव्हा थोरल्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि समोर पाहिलं. समोर धाकट्या भावाची बायको मान खाली घालून टाइप करत होती. मान जरा जास्तच खाली आहे, असं त्याला वाटलं.

दोघा भावांचा धंदा लहानसा होता. दुकानं, दवाखाने, शिकवण्या यांची सोशल मीडियावरची पेजेस ते सांभाळत. ठरल्या वेळी मजकूर टाकायचं काम त्यांचा प्रोग्रॅम करी. त्यासाठी प्रत्येक पेजचं एक टोकन असे, अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक ओळ. ती ज्याच्या हाती, त्याला पासवर्ड लागत नाही. पेज त्यालाच मालक समजतं. म्हणून टोकनं थोरल्याच्या ताब्यात असत, लागतील तशी तोच बाकीच्यांना देई. रोज चहाच्या आधी तो सगळी टोकनं तपासून घेई. हिरवी खूण आली की चालू, तांबडी आली की बाद. दादा पाणीसुद्धा चावून पितो, असं धाकटा म्हणायचा.

आता तीन पेजेसवर तेल वाहू लागलं होतं. थोरल्याने सगळी टोकनं रद्द केली, नवी काढली. नव्यांवरूनही तेल आलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं, की त्यांच्याकडे लोक दात काढायला येतात, केस लावायला नाही, आणि यापुढे पेज दुसरं कुणीतरी बघेल.

म्हणजे चोर घरातलाच. भावजय पूर्वी पेजेस सांभाळणाऱ्याच एका कंपनीत होती. ती इथे कामाला येण्याआधी एकही पेज बिघडलं नव्हतं. ती फोन आला की जिन्यात जाऊन बोले. थोरल्याने हे सगळं मनात जुळवलं आणि एकदा धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की कुंपणच शेत खातंय. धाकटा आधी हसला. मग त्याच्या कपाळावरची शीर उठली. तसं निघालं तर मी स्वतः तिला घरी बसवीन, तो म्हणाला, पण तसं नसलं तर तू आणि मी पुन्हा एका टेबलावर बसायचं नाही.

थोरल्याने सापळा लावला. टोप्यांच्या दुकानाचं एक पेज उघडलं. असं दुकान जगात कुठेच नव्हतं. त्याचं टोकन काढलं, चालतंय याची खात्री केली आणि नवं गिऱ्हाईक आलंय असं सांगून ते एकट्या भावजयीला दिलं. धाकट्यालाही पत्ता लागू दिला नाही. आता हे टोकन दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

दुसऱ्या दिवशी टोप्यांच्या दुकानात टकलाचं तेल आलं.

थोरल्याने दार लावून घेतलं आणि दोघांना समोर बसवलं. आवाज न चढवता त्याने सापळ्याची हकिगत पहिल्यापासून सांगितली. धाकटा खिडकीबाहेर बघत राहिला. भावजयीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, पण तो वळला नाही. जिन्यातले फोन माहेरचे होते, वडिलांच्या दुखण्याचे, एवढंच ती म्हणाली. थोरल्याने मान हलवली. असं काहीतरी ती सांगणार हे त्याने धरलंच होतं.

मग तिने विचारलं, "दादा, ते टोकन मला द्यायच्या आधी तुम्ही तपासलं होतं?"

"न तपासता मी कुणाच्या हातात काही देत नाही."

"कुठे तपासलंत?"

हा काय प्रश्न झाला, असं थोरल्याच्या चेहऱ्यावर उमटलं. पेजेस ज्या सोशल मीडिया कंपनीची, तिची स्वतःची तपासणी एका वेळी एकच टोकन घेते आणि दर वेळी लॉगिन मागते, त्यात सकाळ जाते, असं त्याने ऐकवलं. त्याने शोधलेली साइट सगळी टोकनं एकदम घेई, तीही फुकट. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. पांढऱ्या पानावर एक रिकामी चौकट होती. वर लिहिलं होतं, टोकन इथे टाका. भावजयीने बोटाने पान खाली खाली सरकवलं. तळापर्यंत कुणाचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता.

"म्हणजे ते टोकन तिघांना ठाऊक होतं," ती म्हणाली. धाकटा खिडकीपासून उठून आला, वाकून त्याने ते पान वाचलं. वाचायला फारसं नव्हतंच. तरी तो बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने खुर्चीला अडकवलेली बायकोची पिशवी उचलून खांद्याला लावली. दारापाशी तो थांबला.

"कधीपासून तपासतोयस इथे?"

"ती कामावर आली त्या दिवसापासून," थोरला म्हणाला.