दुसरा आकडा

धाकटीच्या हातातलं मोजणीयंत्र सतराव्या नमुन्यावर अडकलं. अंगठ्याने बटण दाबलं की टिक् वाजायचं आणि आकडा एकाने पुढे सरकायचा, एवढंच त्याचं काम. तेही आता त्याला होईना. तिने ते दोनदा टेबलावर आपटलं, त्याच्या नावाने बोटं मोडली आणि कागदावर पेन्सिलीने रेघा ओढायला घेतल्या. एका पेशीला एक रेघ. काचेवर चार चौकटी, चारही मोजायच्या. मान भरून आली होती. डोळे मिटले तरी आत पेशी तरंगायच्या.

तिच्या पाठीला पाठ करून दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर थोरली बसली होती. लॅबमध्ये सगळे त्यांना थोरली-धाकटीच म्हणत. काम थोरलीने शिकवलेलं, म्हणून धाकटी तिला बाई म्हणे. पांढऱ्या पेशी फारच कमी असल्या की मोठ्या मशीनचा भरवसा नसतो. मग एकच रक्त दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींना आकडा सांगायचा नाही, चिठ्ठ्या डॉक्टरांकडे द्यायच्या. जुळलं तरच खरं. गेले तीन महिने या दोघींचे आकडे दर वेळी जुळले होते. "मागच्या जन्मी जुळ्या होतात काय?" डॉक्टर चिडवायचे. थोरली हसायची नाही. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसात हसण्याइतकं त्राण कुठून असणार, असं धाकटीला वाटायचं.

खिडकीशी एका रुग्णाची बायको सकाळपासून उभी होती. हा सतरावा नमुना तिच्या नवऱ्याचाच; पेशी वाढल्या असतील तर उद्या औषध देणार होते. वाढल्या नसताना दिलं, तर रोगाआधी औषधच त्याचा जीव घेणार होतं.

"आज तरी वाढल्यात का हो?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"झालंच. दोघींचं जुळलं की लगेच देते." धाकटीने पेन्सिल ठेवली. "बाई, तुमचं झालं?"

मागे मघापासून काहीच वाजलेलं नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिने वळून पाहिलं. थोरलीच्या यंत्रावर शून्य होतं.

"मला दिसत नाही गं," थोरली हळूच म्हणाली. "तीन महिने झाले. नुसता धुरळा दिसतो. तुझी टिकटिक ऐकायची, तसं आपलं बटण दाबायचं, शेवटी एखाददुसरी कमी-जास्त करायची. हे चार महिने कसेतरी रेटायचे होते. तू चोख मोजतेस, म्हणून धीर झाला."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. तिथे एकाचा जीव टांगणीला लागलाय आणि या नुसत्या ऐकत बसल्या! चांगलं फैलावर घ्यावं म्हणून तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर हातातल्या कागदावर गेली. रेघा पहिल्या दोनच चौकटींच्या होत्या. त्यांच्याखाली तिने 'दुप्पट' लिहून टाकलं होतं. उरलेल्या दोन चौकटी ती कितीतरी दिवस बघतच नव्हती; यंत्र चालू असताना न बघताच तितक्याच वेळा पुन्हा बटण दाबायची. चुकलंच तर मागे बाई आहेत म्हणून.