देवमनचा डावा हात

"तू काहून काईच नाई करून राहिली, मावशी?" देवमननं शेवटी विचारलंच.

केशरबाईनं नुसतं त्याच्या हाताकडे पाहिलं. ही वलगावची दाई, बाळंतिणी आणि लेकरं चोळणारी. सतरंजीवर त्याच्याशेजारी बसून तिनं एक तळवा त्याच्या कोपराखाली आणि दुसरा मनगटाखाली ठेवला होता. ना तेल, ना चोळणं, ना ओढणं. एवढ्यासाठी का बाईला गावाहून आणलं, असं देवमनच्या तोंडावर साफ दिसत होतं.

पोळ्यापासून त्याचा डावा हात कोपरात दुमडला होता, तो उलगडतच नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं हाड शाबूत असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. मग अकोल्याच्या एका पहिलवानानं तो हात असा ओढला की बघणारेच ओरडले. देवमन ओरडला नाही. त्याला काही वाटलंच नाही. गडी मोठा टणक, असं लोक म्हणाले. लोकांना काय, कशाचंही कौतुक! आदल्या वर्षी नागपूरला धम्माची दीक्षा घेऊन आल्यापासून घरातले अंगारेधुपारे बंद झाले होते, नाही तर तेही करून झाले असते.

आता अमरावतीतले कापसाचे जिन सुरू व्हायला आले होते, तिथंच देवमन कामाला होता. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात कापूस घालायला दोन हात लागतात. मुकादम भला माणूस, पण त्यानंही सांगून टाकलं होतं, "हात सरळ करून ये, देवमन. नाई तं मले दुसरा गडी पाहा लागन." घरात बायको भागीरथा आणि म्हातारी आई, कमावणारा हा एकटा.

"आता आयक," केशरबाई म्हणाली. "दुखनार नाई. पयले काईच होत नाई असं वाटन. मंग हात जड होईन. झाला तं होऊ दे. वजन माया हातावर टाक."

"अन् रडू आलं तं?" भागीरथानं दारातून विचारलं.

"येते कोनाकोनाले."

"मले नाई येत," देवमन म्हणाला.

ते खरंच होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्यांचं पहिलं लेकरू तापानं गेलं. एवढ्याशा जिवाला तिरडी नसते, बापानं हातावर घेऊन जायचं असतं. देवमन घेऊन गेला. नाल्याकाठी चार माणसांनी ते त्याच्याकडून घेतलं आणि मातीआड केलं. त्यानं घरी येऊन आंघोळ केली, पुढ्यात आलेली भाकर खाल्ली. भागीरथा रडून रडून आडवी झाली होती. कुणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून हा उभा राहिला. तेव्हापासून नवराबायको मिठामिरचीपुरतंच बोलत होते.

बराच वेळ गेला. केशरबाईचे हात जिथल्या तिथे होते. भागीरथा दारातून आत येऊन बसली.

आधी बोटं सैल झाली. मग मनगट. देवमननं चमकून पाहिलं. हात आपला आपणच खाली चालला होता, बाईच्या तळव्यांवर भार देत. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.  त्यानं हात पुन्हा छातीशी ओढून घेतला.

केशरबाईनं जोर लावला नाही. हातामागोमाग तिचे तळवेही वर गेले.

"सोड आता, बाबू," ती म्हणाली. "म्या धरलं हाये."

 देवमननं उजव्या हातानं तिचा तळवा उचलला आणि आपल्या डाव्या कोपराच्या खोबणीत नेऊन ठेवला.

"हळू घे, मावशी," तो म्हणाला. "डोक्याखाली हात दे. त्यानं अजून मान नाई धरली."