पाठीवरची ग्रहमाला

निवृत्त भूगोलशिक्षक सुमंतराव फुप्फुसाच्या जुनाट दुखण्यावर सुनेच्या नकळत पाठीला पेले चिकटवण्याचा चिनी उपचार करून आले होते. आता जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या डॉक्टरीणबाईंनी सून आणि नात यांच्यासमोरच सदरा वर करायला सांगितल्यावर त्यांनी तो उलट घट्ट धरून ठेवला. “परस्पर औषधपाणी केलंत तर पुण्याला पाठवून देईन, बाबा,” असं सून मालविकानं बजावलं होतं. मग नातीला शिकवायचं कोणी? सदरा वर झाला. पाठीवर पेल्यांची आठ जांभळी वर्तुळं आणि प्रत्येकावर स्केचपेननं पट्टे, कडी, नावं! “अहो बाबा, हे काय?” मालविका ओरडली. “ग्रहमाला. आयती वर्तुळं होती, म्हटलं हिला शिकवून टाकू,” सुमंतरावांनी नातीकडे बोट दाखवलं. “रंगवलंय हिनंच.” डॉक्टरीणबाईंनी गंभीरपणे स्टेथोस्कोप फिरवला. “आल्झो, तर मग, मंगळ स्वच्छ. गुरूपाशी घरघर. इनहेलर सोडायचा नाही. पेले मला विचारूनच.” मालविकानं डोळे वटारले, “काढू पुण्याचं तिकीट?” “नको, ममा!” नात आजोबांना बिलगली. “अजून सगळे चंद्र राहिलेत!”