तक्रारीची कॅसेट

एके काळी टेपवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. लोक गाण्यांची यादी द्यायचे आणि तो कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचा. त्यावर कोणी दुसरं काही भरू नये, म्हणून कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खुंटी तो आधीच मोडून टाकायचा. दर शनिवारी यादी आणणारी एक मुलगी एकदा भरलेली कॅसेटच परत घेऊन आली. "शेवटाला बिघडलीय. तुम्ही स्वतः ऐका." कामाला कोणी नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. त्याने पहिलं गाणं मिनिटभर वाजवलं आणि गिऱ्हाइकांदेखत कॅसेट तिच्यासमोर ठेवली. "ठणठणीत आहे." ती पुन्हा कधी आली नाही.

पुढे कॅसेटी गेल्या, गर्दीही गेली. आता तो दिवसभर माशा मारतो, आणि कधीमधी कोणाची जुनी कॅसेट मोबाइलवर उतरवून देतो. आज एक तरुणी आईची कॅसेट घेऊन आली. लेबलावर अक्षर त्याचंच होतं, पण मोडलेल्या खुंटीच्या जागी कोणीतरी चिकटपट्टी लावून पुन्हा भरायची सोय केली होती. त्याने हेडफोन चढवले. शेवटचं गाणं संपलं, थोडी खरखर झाली, आणि ओळखीचा आवाज आला. "घरी माझं लग्न ठरवतायत. तुमच्या मनात काही असेल, तर रविवारच्या आत सांगा."

त्याने हेडफोन काढून गुंडाळून ठेवले.

"आई म्हणायची, ही शेवटाला बिघडलीय. खरंच का हो, काका?"


"नाही. ठणठणीत आहे."