घरचाच समजा

दुकानातून विकत न आणता संस्थेतून जातिवंत लॅब्राडोर दत्तक घेणार, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते. कुत्रा देण्याआधी संस्थेच्या ताई आमचं घर बघायला आल्या.

“आधीच्या घरी फार हाल झालेत हो त्याचे. सोफ्यावर चढतो, केसही खूप गळतात. चालेल ना?”

“मळू दे की सोफा! घरचाच समजा तो,” मी म्हटलं.

तेवढ्यात आमच्याकडे कामाला असलेल्या मावशी चहा घेऊन आल्या. माझी दोन्ही मुलं त्यांनीच लहानाची मोठी केलेली. ताईंनी सरकून सोफ्यावर जागा केली.

“या मावशी, बसा ना.”

मावशी नेहमीसारख्या खाली फरशीवर टेकल्या.



“नको ताई. सोफा मळतो.”